पाठ झालेले पंधरा शब्द

१५ जानेवारी, बुधवार. काम: ठोकळे धुणं.

ठोकळे नऊ आहेत, प्लास्टिकचे. कुठली बाजू लाल, कुठली पांढरी, कुठली तिरपी अर्धी-अर्धी. रुग्णाला एक चित्र दाखवायचं आणि ते ठोकळ्यांनी जुळवायला सांगायचं. आपण घड्याळ धरून बसायचं. महिनाभर त्या ठोकळ्यांवर तेलाचे, हळदीचे, तंबाखूचे हात फिरतात. चिकट ठोकळा बोटाला धरून राहतो आणि माणूस आहे त्याहून मंद ठरतो. म्हणून महिन्यातून एकदा, रुग्ण यायच्या आधी, मी ते साबणाच्या पाण्यात धुऊन घेते.

वाशिमच्या ज्या रुग्णालयात मी काम करते, तिथे माझ्या वाट्याला एक खोली आणि अर्धी मावशी आहे. अर्धी म्हणजे दुपारी तीनपर्यंत. त्यानंतर तिला दुसरीकडे बोलावतात. त्या सकाळी मावशी टबापाशी उकिडवी बसून जुन्या दातब्रशाने ठोकळे घासत होती आणि तोंडाने म्हणत होती, "टोपली, विहीर, घोडा, कुलूप, चिमणी..."

"काय म्हणून राह्यल्या मावशी?"

"तुमचेच शब्द होय मॅडम. दाराबाहीर बसून बसून मलेही पाठ झाले. माह्या डोक्श्याची तपासणी करा एक डाव. पैला नंबर नाय आला तं सांगा."

मी हसले आणि फडकं आणायला सांगितलं. ती उठताना टबाला पाय लागला आणि साबणाचं पाणी भिंतीशी ठेवलेल्या खोक्यात गेलं. खोक्यात शब्दांच्या चाचणीचे नोंदीचे कागद होते, पहिल्या यादीचे. मावशी स्वतःलाच शिव्या देत कागद खिडकीच्या गजांवर वाळत घालायला लागली. मी स्टूलवर चढून कपाटावरून दुसऱ्या यादीचा गठ्ठा काढला. त्याची सुतळी अजून कुणी सोडली नव्हती.

माझं काम थोडक्यात असं. डोक्याला मार बसला, अर्धांगवायू झाला, झटके येऊ लागले, वयामुळे विसर पडू लागला, की डॉक्टर माणसाला माझ्याकडे पाठवतात. स्कॅनमध्ये मेंदूची जखम दिसते. त्या जखमेमुळे माणसाला काय जमेनासं झालं आहे ते स्कॅनमध्ये दिसत नाही. ते मी समोर बसून शोधते. त्याला दोन-तीन तास लागतात. आकडे सांगून ते उलटे म्हणायला लावते, गोष्ट सांगून ती अर्ध्या तासाने परत विचारते, चित्रांचे पत्ते एका नियमाने लावायला देते, ठोकळे देते. मग अहवाल लिहिते. अहवाल वाचून डॉक्टर सही करतात, आणि त्या सहीवर माणूस पुन्हा गाडीवर, मशीनवर, वर्गावर जातो किंवा जात नाही.

अकरा वाजता एक लाईनमन येणार होता. किन्हीराजाच्या बाजूचा, वय चाळिशीच्या आसपास, कंत्राटी. जूनमध्ये संध्याकाळी कामावरून घरी जाताना त्याच्या मोटरसायकलसमोर रोही आला. आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात, आणि अपघाताचं हे कारण माझ्या कागदांवर इतक्यांदा येतं की मी आता पूर्ण वाक्य लिहीत नाही, नुसतं 'रोही' लिहिते. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. अकोल्याला ऑपरेशन झालं. कपाळामागचा मेंदू दोन्ही बाजूंनी चेचला होता.

जानेवारीच्या अखेरीपर्यंत त्याला पोलवर चढायला योग्य असल्याचा दाखला द्यायचा होता. नाही दिला तर त्याचा भाग, म्हणजे त्याच्याकडची गावं, दुसऱ्या माणसाकडे जाणार होती. तेवढं त्याच्या बाजूचं. दुसरी बाजू अशी, की लाईनमनचं काम दिसायला हातांचं असलं तरी ते आठवणीचं काम आहे. चढण्याआधी सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायची. त्याला ते परमिट घेणं म्हणतात. काम झालं, सगळी माणसं खाली उतरली, की पुन्हा फोन करून परमिट परत करायचं, मग लाईन चालू होते. लाईन बंद आहे की चालू, कोण कुठल्या पोलवर आहे, हे अर्धा तास डोक्यात राहिलं नाही तर कुणीतरी मरतो. विसरणाराच मरेल असंही नाही.

ऑगस्टमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा बायकोने दंडाला धरून आणला होता.

"जय भीम मॅडम," बायको म्हणाली.

"जय भीम. बसा."

तो बसला नाही. खोलीतल्या ट्यूबलाईटकडे बघत उभा राहिला. "चोक गेला हाये," म्हणाला. खरंच गेला होता. महिनाभर ती ट्यूब फडफडत होती. त्याने मागच्या खिशातून पक्कड काढली, माझ्या स्टूलवर चढला आणि मी नको म्हणेपर्यंत पट्टीचं झाकण काढलंसुद्धा. हात एकदम सराईत. मग मध्येच थांबला आणि झाकण हातात घेऊन विचारलं, "हे काहून काढलं?"

मी नोंद केली. तपासणी अशी कधी कधी कागदाच्या आधीच सुरू होते.

बायकोला मी बाहेरच्या बाकावर बसवलं. नातेवाईक आत असले की पुटपुटतात, डोळ्यांनी खुणा करतात, माणूस अडला की स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. बाक दाराला लागून होता. दार पूर्ण बंद होत नाही. चौकट फुगलेली आहे, बोटभर फट राहते. हे मला माहीत होतं. कधी त्रास झाला नव्हता म्हणून मी सुताराच्या मागे लागले नव्हते.

शब्दांची चाचणी साधी असते. पंधरा शब्द एका संथ लयीत वाचायचे, आणि माणसाने जेवढे आठवतील तेवढे, कुठल्याही क्रमाने सांगायचे. मग तेच पंधरा पुन्हा वाचायचे. असं पाच वेळा. धड मेंदू दर वेळी थोडे जास्त शब्द धरतो. त्यानंतर दुसऱ्या कामात गुंतवून अर्ध्या तासाने विचारायचं, ते मघाचे शब्द कोणते होते? लाईनमनला पाचव्या वाचनानंतर सहा शब्द आले. अर्ध्या तासाने दोन आले, आणि एक त्याने आपल्या पदरचा घातला. पत्ते लावताना रंगाचा नियम बदलून मी आकाराचा केला, तरी तो रंगच लावत राहिला. मी दर वेळी "चूक" म्हणत होते आणि तो मान डोलवत होता.

सुरुवातीला मी त्याची पक्कड मागून घेतली होती. त्याच्या देखत टेबलाच्या खणात ठेवली आणि सांगितलं, "मी जेव्हा म्हणेन, झालं आजचं काम, तेव्हा ही तुम्ही माझ्याकडून मागून घ्यायची." हीसुद्धा चाचणीच. परमिट परत करण्यासारखीच गोष्ट आहे: आत्ता सांगितलेलं, नंतर योग्य वेळी, कुणी आठवण न देता करायचं. काम संपल्यावर तो नमस्कार करून निघाला. पक्कड मी त्याच्या मागे जाऊन दिली.

जाताना बायकोने विचारलं, "मॅडम, घरी काय करावं याईचं?"

"डोक्याला रोज काम द्या. रिकामं बसू देऊ नका."

"कोणतं काम?"

"कोणतंही. आठवायला लावा."

हे मी सगळ्यांनाच सांगते. उभ्याउभ्याच सांगितलं. पुढचा रुग्ण दारात होता.

नोव्हेंबरमध्ये तो आला तो एकटा पुढे चालत. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. बायको मागून पिशवी घेऊन. मी शब्दांची यादी वाचली. पहिल्याच वाचनाला बारा शब्द आले. पाचव्याला चौदा. अर्ध्या तासानेही चौदा.

इथे मी जे केलं ते जसं केलं तसं लिहिते. पहिली गोष्ट, तीच यादी पुन्हा वापरायची नसते. माणसाला आधीचे शब्द ओळखीचे होतात, म्हणून तर दुसरी यादी छापलेली असते. ती कपाटावर होती. पण पहिल्या यादीचे कागद हाताशी होते आणि ते शब्द मला न बघता येत होते. मधे तीन महिने गेले आहेत, इतका मार बसलेल्याला काय आठवणार, असा मी विचार केला. दुसरी गोष्ट, त्याने शब्द ओळीने सांगितले. टोपली, विहीर, घोडा, कुलूप, चिमणी, असे शेवटपर्यंत. पहिल्यांदा ऐकलेली यादी कुणी असं ओळीने सांगत नाही. कुणी शेवटचे आधी सांगतं, कुणी घरातल्या वस्तू एकत्र करतं. मला ते दिसलं होतं. मी समासात 'क्रमाने' असं लिहिलंही होतं. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

बाकीच्या चाचण्या फारशा हलल्या नव्हत्या. पत्त्यांत तो अजून अडकत होता. एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगा म्हटलं, तर गाय, म्हैस, बैल, बकरी, रोही, असं म्हणून थांबला आणि उरलेला वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी ते थकव्याच्या नावावर टाकलं. पक्कड त्याने मागितली, पण त्याआधी बायकोने दारातून विचारलं होतं, "चला, समदं घेतलं काय?" मी लिहिलं: 'किरकोळ इशाऱ्यानंतर मागितली.'

खरं तर मला आनंद झाला होता. माझ्या खोलीतून बरं होऊन कुणी जात नाही. फार तर काय गेलं आहे ते कळून जातं. चौदा शब्द बघून मी अहवालात लिहिलं, स्मरणशक्ती जवळपास पूर्ववत. जमिनीवरची कामं करू द्यावीत, पोलचं जानेवारीत ठरवू.

पंधरा जानेवारीला अकरा वाजता दोघं आली. थंडी होती. बायकोने पदर दोन्ही हातांवरून घट्ट गुंडाळून घेतला होता. तुरीची सोंगणी अर्धी टाकून आली होती. केसांत तुरीचा पाला होता.

"जय भीम मॅडम. आज शेवटचा पेपर ना?" लाईनमन म्हणाला. "आपली तयारी फुल हाये."

"पेपर नाही भाऊ. बसा."

पक्कड घेऊन खणात ठेवली, नेहमीचं वाक्य सांगितलं. बायको बाकावर जाऊन बसली. मी दुसऱ्या यादीचा कागद समोर घेतला आणि वाचायला सुरुवात केली. या यादीचा पहिला शब्द खिडकी. मग बैलगाडी, मग आरसा. पंधरा शब्द वाचून मी मान वर केली. "सांगा."

"खिडकी," तो म्हणाला. जरा थांबला. मग त्याचा चेहरा सैल झाला, जसा ओळखीचा रस्ता लागल्यावर होतो. "टोपली, विहीर, घोडा, कुलूप, चिमणी..." पंधराच्या पंधरा. ओळीने. शेवटचा शब्द म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शाबासकीची वाट पाहिली.

मी यादी दुसऱ्यांदा वाचली. चाचणी मध्ये सोडायची नसते. त्याने पुन्हा टोपलीपासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा वाचली. चौथ्यांदा. पाचव्यांदा वाचताना मी शब्द जरा मोठ्याने म्हणत होते हे माझ्या लक्षात आलं. त्याला खिडकी, आरसा आणि एकदा बैलगाडी, इतकेच नवे शब्द धरता आले. बाकी सगळी जागा त्या जुन्या पंधरांनी भरलेली होती. तो थकला नाही, चिडला नाही. उलट दर वेळी त्याचा वेग वाढत गेला.

अर्ध्या तासाने विचारलं तेव्हा नवा एकही शब्द आला नाही. "मी मघाशी कुठले शब्द वाचले होते, ऐकलेत ना?" म्हटलं, तर म्हणाला, "हाव, तेच तं म्हणून राह्यलो." पत्ते ऑगस्टसारखेच. ठोकळे मात्र भराभर लावले, धुतलेल्या ठोकळ्यांवर त्याची बोटं सटासट फिरली. हातांना काही झालेलं नव्हतं.

"झालं आजचं काम," मी म्हटलं.

तो उठला. "येतो मॅडम." दारापर्यंत गेला. मी वाट पाहिली. मावशी बाहेर होती, ती त्याला म्हणाली, "चाल भाऊ, च्या पिऊ." तो तिच्यासोबत चहाच्या टपरीकडे गेला. पक्कड खणातच होती.

बायको आत आली. "पास झाले काय मॅडम?"

"बसा. यांना शब्द कुणी पाठ करून दिले?"

ती लाजली नाही, घाबरलीही नाही. थोडी खूशच झाली. "मीच. तुमीच तं म्हणलं होतं, डोक्याले रोज काम द्या, आठवाले लावा. पैल्या डावाले मी बाहीर बसली होती. तुमी पाच डाव म्हणलं, मले पाठच झालं. घरी जाऊन पोरीच्या वहीत लिहून ठेवलं."

"मग?"

"मंग रोज घेतलं त्याईचं. सकाळी तोंड धुतल्याबराबर, जेवाच्या आंधी, झोपाच्या आंधी. कापूस येचतानी मी इकल्या ओळीतून म्हणो, हे तिकल्या ओळीतून म्हणत. गोळी खाल्ल्यावानी तीन टाईम, एक दिवस खाडा नाय केला. पैले पाचसहाच येत. दिवाळीपावतर समदे याले लागले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "शेजारच्या बुढ्यालेही देल्ले मॅडम. त्याले इसर पडते. जऊळक्याले माह्या बहिणीपाशी धाडले, तिच्या सासऱ्यासाठी. फरक पडला म्हणते. तुमी काही म्हणनार तं नाय ना?"

फसवणूक असती तर मला राग आला असता आणि ते सोपं गेलं असतं. या बाईने माझं सांगणं शब्दशः पाळलं होतं. मी ज्या शब्दांनी जखम मोजत होते, त्या शब्दांना तिने औषध समजून नवऱ्याला भरवलं होतं, पाच महिने.

"बाई, ते औषध नाही," मी म्हटलं. "ती मोजपट्टी आहे. ताप मोजायची नळी असते ना, ती चोखून ताप उतरत नाही."

ती म्हणाली, "पण मॅडम, थ्याच शब्दाईनं तं तुमी याईले पास केलं."

मी तिला आजचा कागद दाखवला. नवी यादी एका बाजूला, त्याने सांगितलेले शब्द दुसऱ्या बाजूला. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. बोट ठेवून वाचलं. वाचताना पदर सरकला आणि उजव्या हाताचा तळवा दिसला. मधोमध रुपयाएवढी काळी, आत दबलेली जागा, भोवती गुलाबी कातडी.

"हे काय?"

"पोयलं."

"तव्यानं?"

तव्याने भाजलं की बोटं भाजतात, असं मधोमध भोक पडत नाही. मी विचारायचं थांबले आणि वाट पाहिली. तेवढं या कामात येतं.

"मोटरचं कनेक्शन ढिलं झालं होतं," ती म्हणाली. "दिवाळी झाल्यावर. तुमचा कागद भेटल्यावर. हे म्हणे, दुसऱ्याले कायले बलावता, मीच करतो. मेन बंद केला. मले म्हणे, हे वायर धरून राह्य, मी टेप घेऊन येतो. आतमंदी गेले न् इसरले. मेन बंद दिसला तं चालू करून देला."

"मग?"

"पोरीनं खुर्ची मारली हातावर. प्लास्टिकची. मंग सुटला हात."

"त्यांना आठवतं हे?"

"नाय. हे म्हणते, तूच चालू केला असशीन."

"आणि तरी तुम्ही यांना पोलवर पाठवायला निघालात?"

"तुमच्या कागदावर लिहेल होतं, आठवण बरी हाये. मी म्हणलं, एखांद्या डावा कोनीबी चुकते. कागद कायले खोटा असन."

स्वतःच्या हातापेक्षा तिने माझ्या कागदावर जास्त विश्वास ठेवला होता. मी तिला सांगितलं, कागद चुकला होता, आणि तो मी चुकवला होता. तिने मान हलवली. सांत्वन तिला नको होतं. तिला हवं होतं ते मी देऊ शकत नव्हते.

लाईनमन चहा पिऊन परत आला. अशा वेळी बायकोकडून निरोप धाडायचा नसतो. मी त्याला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "भाऊ, पोलचा दाखला मी देणार नाही. नवीन सांगितलेलं तुमच्या डोक्यात राहत नाही. तुम्हाला ते कळतही नाही, म्हणून जास्त धोका आहे."

"काहून नाय राहत? शब्द म्हणून दाखवू काय?"

"ते नका म्हणू."

"टोपली, विहीर, घोडा..."

"भाऊ."

"पोलवर चढल्यावर मले समदं आठवते मॅडम. हातच सांगते पुढचं. तुमी खाली उभ्या राहून पाहा एक डाव."

"हात चढतील. परमिट कोण लक्षात ठेवेल? वर दुसरा माणूस असेल तर?"

तो हसला. "वीस वर्षात माह्या हातून एक माणूस नाय मेला. इचारा हिले."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. हात पदराखाली घेतला. "चाला," ती म्हणाली. "बस जाईन."

तो उठला. दारातून बाहेर पडताना त्याचा हात मागच्या खिशावर गेला. दोनदा थापटलं. तळहाताकडे पाहिलं, जणू तिथे काही लिहिलेलं असेल. मग तसाच व्हरांड्यातून चालत गेला.

मी खण उघडून पक्कड बायकोपुढे धरली. तिने ती घेतली नाही.

"राहू द्या तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "मांगतली तं म्हणीन बसमंदी पडली. मांगनार नाय."

ती गेली. मी अहवाल लिहायला बसले. पोलवर, विजेच्या कुठल्याही जोडणीवर, वाहनावर काम करण्यास अयोग्य. घरातील वीजदुरुस्तीही करू देऊ नये. आधीच्या अहवालातला स्मरणशक्तीचा निष्कर्ष चुकीचा. तीच यादी दुसऱ्यांदा वापरल्यामुळे आणि शब्द घरी पाठ केलेले असल्यामुळे. ही चूक तपासणाऱ्याची. खाली माझी सही. या अहवालाने पुढच्या महिन्यात त्याचा भाग जाणार होता आणि तो दिवसभर घरी बसणार होता, अशा घरात जिथे मेन स्विचपर्यंत त्याचा हात पोचतो. अहवालात मी लिहिलं, मेनला कुलूप लावावं, चावी पत्नीकडे. याहून जास्त काही मला सुचलं नाही.

मग मावशीने बाकावरून आवाज दिला, "मॅडम, कागद वाळले. खोक्यात भरू काय?" तेव्हा मला सकाळ आठवली. ती टबापाशी बसून शब्द म्हणत होती. लाईनमनची बायको एकदा बसली आणि तिला पाठ झाले. त्या बाकावर गेली काही वर्षं रोज माणसं बसत होती. त्यातली किती जणं माझ्याकडून 'आठवायला लावा' ऐकून गेली होती, आणि कितींनी घरी जाऊन ते लावलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ वाजता आले. मावशी आणि मी मिळून बाक उचलला आणि व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी नेऊन ठेवला. "इतक्या लांबून हाक कशी आयकू येईन लोकायले?" ती कुरकुरली. "तुम्ही जाऊन बोलवायचं," मी म्हटलं. पहिल्या यादीचे वाळलेले कागद फाडून टाकले. मग नोंदवही काढली आणि ज्यांची तपासणी मी त्याच यादीवर दोनदा केली होती त्या ओळींना लाल खूण करत गेले. खुणा माझ्या अंदाजापेक्षा जास्त निघाल्या. त्यातले ज्यांना मी कामावर जाऊ दिलं होतं ते वेगळे काढले. सर्वांत वर इथल्याच, वाशिमजवळच्या मालेगावचा एक माणूस होता, डोक्याला मार, डिसेंबरमध्ये पुन्हा तपासणी, तेरा शब्द, काळीपिवळी जीप चालवायला हरकत नाही. समासात माझंच अक्षर होतं: 'क्रमाने'.

मी फोन लावला. त्याने लगेच उचलला. मागे इंजिनाचा आवाज होता, बायकांचं बोलणं होतं, कुणीतरी भाड्यावरून भांडत होतं.

"आधी गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं. "मग बोलू."